लोड्समनी ते केव्हिन: हॅरी एन्फील्डची सोंगं आणि त्यांची पालुपदं

१९८८ मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोरवर 'फ्रायडे नाइट लाइव्ह' नावाचा कार्यक्रम लागायचा. त्यात मधूनच एक तरुण स्टेजवर यायचा. धंदा भिंतींना गिलावा करण्याचा, बोली दक्षिण इंग्लंडातल्या कामगाराची, आवाज चढा आणि हातात नोटांची जाड गड्डी. ती प्रेक्षकांच्या नाकासमोर फडकवत तो ओरडायचा, "तोंड बंद करा आणि माझी गड्डी बघा!" आणि मग एकच शब्द: "लोड्समनी!" पैसाच पैसा. त्याला बाकी काही सांगायचंच नसायचं. माझ्याकडे पैसा आहे आणि तुमच्याकडे नाही, संपलं.

हे सोंग आणणारा हॅरी एन्फील्ड तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होता. यॉर्क विद्यापीठात राज्यशास्त्र शिकलेला, मनाने मजूर पक्षाकडे झुकलेला. लोड्समनी ही त्याने मार्गारेट थॅचर यांच्या ब्रिटनची उडवलेली टर होती. १९८६ मध्ये लंडनच्या शेअर बाजारावरची जुनी बंधनं एका फटक्यात उठली होती. मार्च १९८८ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी आयकराचा सर्वांत वरचा दर ६० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आणला. दक्षिणेत घरांच्या किमती भराभर चढत होत्या, त्यामुळे गवंडी, सुतार, गिलावा करणारे यांची चांदी होती. उत्तरेत मात्र खाणी आणि पोलादाचे कारखाने बंद पडत होते, आणि १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप मोडून पडल्याला तीनच वर्षं झाली होती. अशा वेळी नोटा फडकवत नाचणारा माणूस पाहून लोकांना किळस यावी, ही कल्पना.

लोकांना तो भयंकर आवडला.

तरुण पोरं रस्त्यात, पबमध्ये 'लोड्समनी' ओरडू लागली, आणि ज्यांची टर उडवली होती ती मंडळी त्यात सर्वांत पुढे. त्याच वर्षी या पात्राच्या नावाने एक गाणं निघालं आणि ते ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोचलं. तिकडे विरोधी पक्षनेते नील किनॉक यांनी हाच शब्द उचलून थॅचर यांच्या अर्थनीतीवर टीका केली. म्हणजे एकच शब्द, एक जण तो शिवी म्हणून वापरतोय आणि दुसरा बिरुद म्हणून मिरवतोय. एन्फील्ड हादरला. त्याने उतारा म्हणून उत्तरेतला, न्यूकॅसलकडचा एक कफल्लक माणूस रंगवला, ज्याच्या नावाचाच अर्थ 'दमडी नाही' असा होता. तो लोकांना ठाऊक झाला, पण लोड्समनीची सर त्याला आली नाही. शेवटी १९८९ च्या 'कॉमिक रिलीफ' या मदतनिधीच्या कार्यक्रमात एन्फील्डने लोड्समनीला गाडीखाली घालून मारून टाकलं.

विनोदी कलाकाराने स्वतःचं सर्वांत लोकप्रिय पात्र ते गाजत असतानाच मारावं, हे रोज घडत नाही. ते का मारावं लागलं हे समजून घ्यायचं, तर ब्रिटिश स्केच शो, म्हणजे छोट्या छोट्या विनोदी प्रसंगांचा टीव्ही कार्यक्रम, हे यंत्र आतून कसं चालतं ते पाहावं लागेल. त्यासाठी एन्फील्डने यानंतर बीबीसीवर केलेला कार्यक्रम उत्तम. १९९० ते १९९२ या काळात बीबीसी टूवर त्याचं नाव 'हॅरी एन्फील्ड्स टेलिव्हिजन प्रोग्राम' होतं. १९९४ मध्ये तो बीबीसी वनवर गेला आणि 'हॅरी एन्फील्ड अँड चम्स' झाला, म्हणजे हॅरी आणि दोस्त.

अर्ध्या तासात डझनभर माणसं

स्किट हा प्रकार मराठी प्रेक्षकाला आता सवयीचा आहे. 'चला हवा येऊ द्या' किंवा 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' पाहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पण आपलं स्किट रंगमंचावर, समोर बसलेल्या लोकांसमोर होतं आणि दहा-पंधरा मिनिटं चालतं. कलाकाराला रंगायला, अडखळायला, समोरच्याला हसवून पाडायला तिथे जागा असते. नाटकाच्या पोटातून आलेला हा प्रकार आहे. ब्रिटिश टीव्हीवरचं स्केच असतं एक ते तीन मिनिटांचं. बरंचसं चित्रण खऱ्या रस्त्यावर, खऱ्या घरात, चित्रपटासारखं होतं. संवाद आधी लिहून घासूनपुसून ठेवलेले असतात, आयत्या वेळच्या कोट्यांना फारसा वाव नसतो. मग हसण्याचा आवाज येतो कुठून? बाहेर चित्रित केलेले तुकडे स्टुडिओत जमवलेल्या प्रेक्षकांना दाखवतात आणि त्यांचं हसणं ध्वनिमुद्रित करतात. त्याच रात्री काही स्केचं त्यांच्यासमोर प्रत्यक्षही होतात. डब्यात भरलेलं यांत्रिक हसू म्हणून लोक नाकं मुरडतात, पण चांगल्या कार्यक्रमांत ते हसू खऱ्या माणसांचंच असतं.

आता अडचण बघा. दोन मिनिटांत प्रेक्षकाला माणूस कोण आहे, तो कुठे आहे आणि त्याचं बिनसलंय काय, हे सगळं कळायला हवं आणि वर हसूही यायला हवं. दर वेळी नवं पात्र आणलं, तर निम्मा वेळ ओळख करून देण्यातच जातो. यावरचा जुना, पक्का उपाय म्हणजे तेच पात्र दर आठवड्याला परत आणायचं आणि त्याच्या तोंडी एक ठरलेलं पालुपद द्यायचं.

पहिल्या आठवड्यात प्रेक्षक विचारतो, हा कोण? दुसऱ्या आठवड्यात म्हणतो, अरे, हा तोच. तिसऱ्या आठवड्यात दारातून ती टोपी दिसताच लोक हसायला लागतात, पात्राने तोंड उघडायच्या आधीच. इथे एक गंमत आहे. आपण साधारणपणे धरून चालतो की विनोद अनपेक्षितातून जन्मतो. पालुपदाचा विनोद उलटा चालतो. पुढे काय येणार हे शंभर टक्के ठाऊक असतं, फक्त ते कुठल्या वाटेने येणार हे ठाऊक नसतं. लेखकाचं सगळं कसब त्या वाटेत. एन्फील्डचं एक पात्र म्हणजे चष्मा लावलेला लुडबुड्या माणूस. लोक आपापल्या कामात असताना तो "मीच आहे हो!" म्हणत हजर होतो, सल्ले देतो, काम बिघडवतो आणि वर ऐकवतो, "असं नाही हो करायचं!" काय बोलणार ते आपल्याला पाठ असतं. आज कोणाच्या कामाचा विचका होणार, एवढंच बघायचं असतं.

ही युक्ती एन्फील्डची नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बीबीसी रेडिओवर टॉमी हँडली यांचा 'इटमा' हा कार्यक्रम सगळा देश ऐकायचा. त्यात दार उघडलं की एक पात्र यायचं, ठरलेलं वाक्य टाकायचं आणि जायचं. रेडिओवर चेहरा दिसत नाही, म्हणून वाक्य हाच चेहरा. पुढे टीव्हीवर डिक एमरी यांनी १९६३ ते १९८१ एवढा दीर्घ काळ हेच केलं. एकच माणूस दातपुढ्या पाद्री, नटवी बाई, म्हातारा, सगळी सोंगं एकटा आणायचा. मध्येच १९६९ मध्ये 'माँटी पायथन' ही विनोदकारांची टोळी टीव्हीवर आली आणि त्यांनी हा सगळा संसार उधळून दिला. स्केचला शेवटचं हशा पिकवणारं वाक्य हवंच कशाला, असा त्यांचा सवाल होता. त्यानंतर हुशार, शिकलेल्या विनोदकारांमध्ये पालुपद हा जरा कमअस्सल प्रकार मानला जायचा. एन्फील्डने तो परत आणला आणि त्याच्या आत सामाजिक टीका भरली. माझ्या मते त्याचं मोठेपण इथे आहे. नकला तर अनेकांना जमतात.

उच्चार कळला की माणूस कळला

एन्फील्डची पात्रं परदेशी माणसाला निम्मीच हसवतात, कारण उरलेला विनोद उच्चारांत असतो. बोलीवरून माणसाचा गाव ओळखणं आपल्यालाही जमतं. मालवणी हेल कानावर आला की सिंधुदुर्ग आठवतो, 'करून राहिला' ऐकलं की विदर्भ. ब्रिटनमध्ये बोलीवरून गावाबरोबर वर्गही कळतो: बाप काय करतो, शाळा फी भरून की फुकटची, घर स्वतःचं की नगरपालिकेचं. (आपल्याकडेही कळतं. आपण ते मोठ्याने बोलत नाही, इतकंच.) त्यामुळे एन्फील्डच्या पात्राने दोन शब्द उच्चारले की ब्रिटिश प्रेक्षक त्याला सामाजिक शिडीच्या नेमक्या पायरीवर नेऊन बसवतो. लेखकाची दोन मिनिटांतली निम्मी मेहनत इथे वाचते.

शिडीच्या वरच्या टोकाला टिम नाइस-बट-डिम. नावातच त्याचं वर्णन येतं: माणूस भला, पण डोक्याने मंद. महागड्या खासगी शाळेत शिकलेला, सूट-टाय, लोंबती झुलपं. त्याला कोणीही फसवावं आणि त्याने फसवणाऱ्याला 'काय भला माणूस आहे!' म्हणावं. हे पात्र इयन हिस्लॉप आणि निक न्यूमन या जोडीने लिहिलं. हिस्लॉप हे 'प्रायव्हेट आय' या उपरोधिक पाक्षिकाचे संपादक. टिमवरची टीका वरवर मवाळ दिसते, पण ती बरीच बोचरी आहे. या माणसाला अक्कल नाही, तरी त्याचं काही अडत नाही. त्याचा वर्ग त्याला बुडू देत नाही.

खालच्या टोकाला वेन आणि वेनेटा स्लॉब. पसारा, सिगारेटी, पिझ्झा, भांडणं. मुलीचं नाव फ्रॉगमेला, कारण वेनेटाला ते नाव विदेशी थाटाचं वाटतं. मध्ये कुठेतरी बर्मिंगहॅमच्या बोलीतलं नवश्रीमंत जोडपं, हर्बर्ट नवरा-बायको. भेटेल त्याला ते ऐकवतात की आम्ही तुमच्यापेक्षा बऱ्यापैकी जास्त श्रीमंत आहोत. हा लोड्समनीचाच पोक्त अवतार. फरक एवढाच की लोड्समनी पैसा उडवायचा आणि हे फक्त मोजून दाखवतात.

आणि लिव्हरपूलचे ते तिघे. कुरळे केस, मिशा, चकचकीत ट्रॅकसूट. काहीतरी क्षुल्लक कारण घडतं, दोघे एकमेकांच्या अंगावर जातात, तिसरा हात हलवत म्हणतो, "काम डाउन, काम डाउन!" म्हणजे शांत व्हा, आणि मग तोच भडकतो. मुळात ही टर लिव्हरपूलमध्ये घडणाऱ्या 'ब्रूकसाइड' या मालिकेची होती. तिच्यातली पात्रं सतत एकमेकांवर ओरडत असत. पण मालिका किती दिवस कोणाच्या लक्षात राहते? मालिकेचा संदर्भ गळून पडला आणि उरलं ते सबंध शहराचं व्यंगचित्र. लिव्हरपूलच्या माणसाने देशात कुठेही जरा आवाज चढवला की समोरचा हसत हात हलवून तेच वाक्य फेकतो. त्यांना याचा कंटाळा आला असेल, तर ते स्वाभाविक आहे.

या सगळ्यात एक प्रश्न खरा आहे: ही पात्रं कोण लिहितंय? एन्फील्ड स्वतः ससेक्समधल्या सुस्थितीतल्या घरचा. त्याने एकट्याने खालच्या वर्गाची टर उडवली असती, तर ती वरून खाली फेकलेली चिखलफेक ठरली असती. पण त्याच्याबरोबर लिहायला आणि काम करायला पॉल व्हाइटहाउस होता. वेल्समध्ये जन्मलेला, लंडनच्या उत्तरेला वाढलेला (आणि त्या भागाचं नाव योगायोगाने एन्फील्डच), विद्यापीठ अर्ध्यावर सोडून लंडनच्या हॅक्नी भागात खरोखरच गिलाव्याची कामं करणारा. त्याचा मित्र चार्ली हिगसनसुद्धा घरांच्या रंगकामात होता, आणि दोघांनी स्टीफन फ्राय आणि ह्यू लॉरी हे विनोदी नट राहत होते त्या घराचं कामही केलं होतं. म्हणून लोड्समनीच्या बोलण्यात पुस्तकी वास येत नाही. गिलाव्याचा थापी-रंधा हातात धरलेला माणूस त्या लिखाणात होता.

आणि वेनेटा झाली होती कॅथी बर्क. तीही लंडनच्या कामगारवस्तीतून आलेली. वेनेटाकडे नीट पाहिलं, तर ती गबाळी आहे, आळशी आहे, पण बिचारी नाही. बर्कने तिला लाज दिलेली नाही, आणि माझ्या लेखी तिथेच हे पात्र तरतं. लिखाण मात्र दर वेळी तरत नाही. काही स्केचं आज पाहताना गरिबीलाच हसल्यासारखं वाटतं. १९९७ मध्ये याच बर्कला 'निल बाय माउथ' या चित्रपटासाठी कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. तिथे ती लंडनच्या गरीब घरातली, नवऱ्याचा मार खाणारी बाई होती. त्याच वर्षी टीव्हीवर ती पेरी नावाचा पोरगा झाली होती. एन्फील्ड बहुरूपी खराच, पण १९९४ मध्ये नावात 'चम्स' आले ते उगाच नाही. व्हाइटहाउस आणि बर्क यांना वगळलं, तर कार्यक्रम निम्मा होतो.

निसटलेली पात्रं

लोड्समनीचं जे झालं, ते पुढेही होत राहिलं. दर वेळी तऱ्हा वेगळी.

स्मॅशी आणि नायसी हे रेडिओवरचे दोन उतरत्या वयाचे निवेदक. व्हाइटहाउस झाला स्मॅशी, एन्फील्ड नायसी. पिसारलेले केस, मधाळ आवाज, स्वतःच्या समाजकार्याचा उल्लेख 'मला सांगायला आवडत नाही' असं म्हणून दर दोन वाक्यांनी करायचा, आणि दर वेळी तेच एक जुनं रॉक गाणं लावायचं. हे सरळसरळ बीबीसीच्या रेडिओ वनवरचे साठ-सत्तरच्या दशकांतले निवेदक होते. ते स्वतः पन्नाशीला टेकले होते आणि तरी तरुणांच्या वाहिनीवर ठाण मांडून बसले होते. १९९३ मध्ये मॅथ्यू बॅनिस्टर रेडिओ वनचे प्रमुख झाले आणि जुन्या फळीतले एकेक जण बाहेर पडले. त्यांतल्या एकाने तर ऑगस्ट १९९३ मध्ये चालू कार्यक्रमातच राजीनामा जाहीर केला. १९९४ मध्ये एन्फील्ड-व्हाइटहाउस जोडीने 'एंड ऑफ अॅन इरा' नावाचा विशेष कार्यक्रम करून आपल्या दोन निवेदकांनाही निरोप दिला.

स्केचमुळे निवेदक गेले, असं म्हणायची पद्धत आहे. मला ते अतिशयोक्त वाटतं. बॅनिस्टर यांना वाहिनी तरुण करायचीच होती, स्केच नसतं तरी त्यांनी ती केली असती. पण एक गोष्ट नक्की घडली. स्मॅशी-नायसीनंतर खऱ्या निवेदकाने चॅरिटीचा 'च' उच्चारला तरी ऐकणाऱ्याला हसू यायचं. विडंबनाला माणसाची नोकरी घालवता येत नाही, त्याचा रुबाब मात्र घालवता येतो. इथे बाण लागला तो नेमक्या जागी. लोड्समनीच्या बाबतीत जे जमलं नाही, ते इथे का जमलं? लोड्समनीला हवं होतं ते बघणाऱ्यांनाही हवं होतं. पैसा कोणाला नको? आणि नायसी व्हावं असं कोणालाच वाटत नव्हतं. टर उडवताना त्या माणसाकडे असं काय आहे ज्याचा प्रेक्षकाला हेवा वाटेल, हे विनोदकाराने आधी तपासायला हवं. १९८८ मध्ये एन्फील्डचा अंदाज चुकला तो इथे.

मिस्टर चमली-वॉर्नर आणि मिस्टर ग्रेसन यांची गोष्ट आणखी वेगळी. जुने, ओरखडे पडलेले कृष्णधवल माहितीपट असतात तशी ही स्केचं. जॉन ग्लोव्हर हा चमली-वॉर्नर, एन्फील्ड ग्रेसन. कडक इस्त्रीचं इंग्रजी बोलत हे दोघे जनतेला उपदेश करतात. सर्वांत गाजलेलं स्केच आहे स्त्रियांना 'आपली मर्यादा ओळखा' असं बजावणारं. रात्रीच्या जेवणाच्या मेजावर पुरुषांची चर्चा चालू असते. एक बाई मध्येच सुवर्णमानक (चलनाची किंमत सोन्याशी बांधण्याची पद्धत) आणि निर्यातीबद्दल एक नेमकं, अभ्यासू मत मांडते. सगळे अवाक. निवेदक हळहळतो की या बाईने स्वतःचं मत बाळगण्याचा धोकादायक प्रयत्न केला. मग तोच प्रसंग 'योग्य' रीतीने दाखवला जातो: बाई म्हणते, मला त्यातलं काही कळत नाही, पण मांजरीची पिल्लं मला फार आवडतात. सगळे प्रसन्न.

आता हा तुकडा इंटरनेटवर सुटा फिरतो, आणि पाहणाऱ्यांपैकी काही जण तो खरोखरच १९३०-४० च्या काळातला सरकारी माहितीपट समजतात. 'बघा, पूर्वी बायकांना काय शिकवायचे!' जुन्या फिल्मचा पोत, आवाजातली खरखर, कॅमेऱ्याची ठेवण इतकी हुबेहूब साधली आहे की विडंबनच पुरावा म्हणून पुढे येतं. कौशल्याला दाद द्यावी की कपाळावर हात मारावा, कळत नाही. मी दोन्ही करतो.

केव्हिनचं मात्र एकदम चांगलं झालं. घड्याळात रात्रीचे बारा वाजतात, गोड, उत्साही मुलगा तेरा वर्षांचा होतो, आणि आईबापांच्या डोळ्यांसमोर त्याचे खांदे पडतात, हात गुडघ्यांपर्यंत लोंबू लागतात, आवाजाचा घुमघुमाट होतो. मग सगळं जग त्याच्यावर अन्याय करतं. खोली आवर म्हटलं, अन्याय. जेवायला ये म्हटलं, अन्याय. एन्फील्ड तेव्हा स्वतः ३३ वर्षांचा होता, पण त्याची ती पोक काढून चालण्याची लकब पाहिली की वय विसरायला होतं. त्याचा मित्र पेरी, म्हणजे मुलाच्या वेषातली बर्क, केव्हिनच्या आईशी मात्र अत्यंत अदबीने बोलतो. प्रत्येक घरातलं कार्टं दुसऱ्याच्या घरी संत असतं. या एका निरीक्षणावर मी ते अख्खं स्केच ओवाळून टाकीन.

केव्हिनमध्ये वर्ग नाही, गाव नाही, राजकारण नाही. म्हणून तो सगळीकडे चालला. २००० साली त्याच्यावर 'केव्हिन अँड पेरी गो लार्ज' हा चित्रपट निघाला, आणि ब्रिटिश वर्तमानपत्रांत धुसफुसणाऱ्या पौगंडावस्थेतल्या पोराला 'केव्हिन' म्हणणं रूढ झालं. इथे टर ज्यांची उडवली ते चिडले नाहीत, कारण त्यांनीच आईबापांसमोर त्याची नक्कल करायला घेतली.

पालुपदाचं पुढे काय झालं

कार्यक्रमाचे निर्माते जेफ्री पर्किन्स यांनी पत्रकारांना दाखवायला एन्फील्डच्या कार्यक्रमातल्या तुकड्यांची एक झटपट चित्रफीत बनवली होती. पात्र येतं, पालुपद टाकतं, जातं. पुढचं. ती पाहून व्हाइटहाउस आणि हिगसन यांना वाटलं, अख्खा कार्यक्रमच असा का नसावा? त्यातून १९९४ मध्ये बीबीसी टूवर 'द फास्ट शो' सुरू झाला. काही स्केचं तर काही सेकंदांची. ओळख नाही, कथा नाही, फक्त माणूस आणि त्याचं वाक्य. पुढच्या पंधरा वर्षांत ब्रिटनमध्ये जे स्केच शो गाजले, त्यांच्यातल्या अनेकांवर या पद्धतीची छाप आहे. तोटाही झाला. पालुपद स्वस्त पडतं, टी-शर्टवर छापता येतं, आणि मग लेखक वाटेची काळजी करणं सोडून थेट मुक्कामावर उडी मारतो.

एन्फील्ड आणि व्हाइटहाउस २००७ मध्ये पुन्हा एकत्र आले आणि 'हॅरी अँड पॉल' २०१२ पर्यंत चालला. त्यात बरीच उत्तम स्केचं आहेत, पण २००८ मध्ये एका स्केचमध्ये फिलिपिनो मोलकरणीवर विनोद केला आणि तो चांगलाच अंगाशी आला. फिलिपिन्सच्या लंडनमधल्या दूतावासाने निषेध केला. ब्रिटनमध्ये घरकामाला आलेल्या परदेशी बाईकडे उत्तर द्यायला कुठलं व्यासपीठ असतं? टिमचे भाऊबंद दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात लेख लिहू शकतात, तिला ती सोय नाही. दुसरीकडे याच कार्यक्रमात एन्फील्डने चेहरा रंगवून नेल्सन मंडेला रंगवले होते. जून २०२० मध्ये, गोऱ्या कलाकारांनी काळे चेहरे रंगवण्यावरून ब्रिटनमध्ये वादळ उठलं आणि बीबीसीने 'लिटल ब्रिटन' हा दुसरा स्केच शो आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकला, तेव्हा एन्फील्ड रेडिओवर आपली बाजू मांडायला आला आणि बोलता बोलता वापरलेल्या एका शब्दामुळे नवाच वाद ओढवून बसला. बाजू मांडायला विनोदी कलाकाराने सोंगाशिवाय येऊ नये, असं मला कधी कधी वाटतं.

सोंगं अजून थांबलेली नाहीत. २०१६ पासून चॅनल फोरवर राजघराण्याची टर उडवणाऱ्या 'द विंडसर्स' या मालिकेत तो चार्ल्स झाला. त्याआधी, २०१४ मध्ये बीबीसी टूला पन्नास वर्षं झाली, त्या निमित्ताने त्याने आणि व्हाइटहाउसने त्या वाहिनीच्याच गाजलेल्या कार्यक्रमांची एका बैठकीत खिल्ली उडवली. वाहिनीने स्वतःच्या वाढदिवसाला स्वतःचीच टर उडवायला पैसे दिले, हे आपल्याकडे कधी होईल ते बघू.

यातलं काही पाहावंसं वाटलं, तर सुटे तुकडे यूट्यूबवर शोधता येतील. सुरुवात केव्हिनच्या तेराव्या वाढदिवसापासून करा, त्याला कसलीही पूर्वतयारी लागत नाही. मग चमली-वॉर्नर, कारण त्यांचं इंग्रजी संथ आणि स्वच्छ आहे. टिम आणि हर्बर्ट दांपत्य त्यानंतर. लिव्हरपूलच्या तिघांना शेवटी ठेवा आणि सबटायटल लावा. त्यांचं बोलणं लंडनच्या माणसालाही पहिल्या झटक्यात कळत नाही.